रतनबाईच्या प्लॉटातली बारव

सिरसाळ्याहून परळीकडं जाताना गाव मागं पडून कापसाची रानं सुरू होतात, तिथं बद्रीनाथ नानांनी प्लॉटिंग पाडलं आणि त्यातला सतरा नंबरचा प्लॉट रतनबाईनं घेतला, ही बातमी सिरसाळ्याच्या बाजारात बरेच दिवस पुरली. रतनबाई म्हणजे मेंढरंवाली. तिचं बाळंतपण पालात झालेलं, संसार घोड्याच्या पाठीवर मावणारा, आणि एका जागी सलग चार महिने राहिल्याचं तिला उभ्या आयुष्यात आठवत नव्हतं. अशा बाईनं निम्मा कळप विकून जागा घेतली. तीही आतल्या बाजूची नाही, चांगली रस्त्याला लागून, कमानीच्या शेजारची.

तिचा नवरा आप्पाराव याला घर नकोच होतं.

"भिंती कशाला पायजेत?" तो म्हणायचा. "वारं अडवायला व्हय?"

"तुमी निजा की वाऱ्यात. मला लेकीसाठी घर पायजे," रतनबाई म्हणायची, आणि तिथं बोलणं संपायचं.

लेक संगीता आष्टीकडं दिलेली. पंचमी जवळ आली की बाकीच्या पोरी माहेरी जायची तयारी करायच्या आणि संगीता फोन करून विचारायची, "आई, औंदा कुठं येऊ?" कारण तिचं माहेर पायांवर फिरायचं. एका पंचमीला तिला गेवराईच्या पुढचा फाटा सांगितला होता. पोरगी एसटीनं उतरली तेव्हा कळप तिथून हलला होता, फोनला रेंज नव्हती. दिवसभर पिशवी मांडीवर घेऊन ती एका बांधावर बसून राहिली. संध्याकाळी आप्पारावला सापडली तेव्हा ती रडत नव्हती, नुसती हसली आणि म्हणाली, "बरं झालं, बसून इसावा मिळाला." त्या हसण्यानं रतनबाईचं काळीज असं काही चिरलं की तिनं तिथल्या तिथं ठरवलं. आता घर बांधायचं. एसटीतून उतरल्या उतरल्या लेकीला दिसलं पाहिजे असं.

दिवाळी उरकली, ज्वारीची रानं पोटरीला आली आणि एका सकाळी सतरा नंबरात नारळ फुटला. पाया खणायला भागवत आला. भागवत म्हणजे सिरसाळ्याचा जेसीबीवाला. त्याच्या मशीनला पुढं लिंबू-मिरच्या, मागं दोन मोठे स्पीकर, आणि तोंड मात्र मशीनपेक्षा मोठं.

"मावशी, दुपारच्या भाकरीच्या आत पाया मोकळा करतो बगा," तो म्हणाला आणि खाली बकेट टाकली.

वरची काळी माती मऊ निघाली. मग बकेट खाडकन कशावर तरी आदळली आणि सबंध मशीन हादरली. भागवतनं गाणी बंद केली. पुन्हा टाकली तर दातांखाली ठिणगी उडाली. तो खाली उतरला, वाकला, हातानं माती बाजूला सारली. काळ्या दगडाची कड लागली. सरळ, दोरी लावून कापावी तशी. त्या दगडाच्या खाली हातभर अंतरावर दुसरी कड.

"पायरी हाय ही," भागवत म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

रस्त्यावर मोटारसायकल लावून बघत उभा असलेला एक जण म्हणाला, "दाब बे माती वरून. कुणाला कळतंय?"

"तू दाब बे!" भागवत खेकसला. त्यानं पायऱ्यांच्या बाजूची माती आणखी उकरली होती आणि तिथं भिंतीतल्या कोनाड्यात हाताएवढी एक देवी बसलेली होती. नाकाचं टोक झिजलेलं, पण ओठांवरचं हसू शाबूत. "आईच्या अंगाला मशीनचे दात लावणार न्हाई मी. काय व्हायचं ते हू दे."

दुपारच्या भाकरीच्या आत पाया मोकळा झाला नाही, पण निम्मं गाव मात्र सतरा नंबरात आलं. बायका हळदीकुंकू घेऊन आल्या, कुणी हार आणला, कुणी अगरबत्ती लावली. एक म्हातारा छातीठोक सांगू लागला की हे भुयार थेट परळीच्या वैजनाथाला निघतं. दुसऱ्यानं ते अंबाजोगाईला नेलं. दोघांचं चांगलंच जुंपलं. सगळे खुशीत होते. एकटी रतनबाई आपल्या विटांच्या ढिगावर बसून होती. परळीहून वीज केंद्राच्या राखेच्या विटा आणल्या होत्या, कालच उतरवून घेतल्या होत्या. आणि जिथं चूल मांडायची तिथं आता गाव नारळ फोडत होतं.

तेवढ्यात पांढरी गाडी आली. बद्रीनाथ नाना उतरले. नाना एके काळी पंचायत समितीवर होते. ते पद सुटून बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून सभेतलंच होतं. कपडे कडक पांढरे, बूटही पांढरे. या प्लॉटिंगला त्यांनी आपल्या वडिलांचं नाव दिलं होतं, रामहरी नगर. एकही घर उभं राहायच्या आधी त्यांनी दोन पिवळे सिमेंटचे सिंह बसवलेली मोठी कमान उभी केली होती.

नानांनी खड्डा बघितला. पायऱ्या रस्त्याकडून येत होत्या, म्हणजे वरचा भाग कमानीखालीच असणार, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"हे बघा, मी बघतो," ते म्हणाले. "घाबरायचं कारण न्हाई. चार टिप्पर मुरूम आणू, बुजवून टाकू."

"तेच म्हणते मी," रतनबाई ताडकन उठली. "बुजवा. माझं घर हितंच हुणार."

अशी गंमत झाली, की गावातला सगळ्यात मोठा जमीनवाला आणि जन्मभर जमीन नसलेली बाई पहिल्यांदाच एका बाजूला आले. आणि त्यांच्या विरोधात उभी राहिली नानांचीच लेक.

राजनंदिनी नानांची थोरली. पुण्यात नगररचना शिकली आणि बीडला येऊन तिनं स्वतःचं ऑफिस थाटलं. रामहरी नगरचा आराखडा तिनंच काढलेला. भागवतनं फोटो पाठवला तसं हातातलं काम टाकून ती गाडी घेऊन आली. खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली आणि उघड्या पडलेल्या पायऱ्या बोटानं मोजल्या.

"नाना, ही बारव आहे," ती म्हणाली. "पायऱ्यांची विहीर. खाली अजून केवढी असेल काय माहीत."

"आसंल. पण आराखड्यात हितं प्लॉट हाय. आन तो आराखडा कुणी काढला? तूच की!"

"मी काढला तेव्हा हे सपाट रान होतं. आता दिसलंय, तर दिसलं न्हाई असं कसं म्हणू?"

"राजनंदिनीताई," रतनबाई मधेच म्हणाली, "तुमाला इहीर दिसली. मला माझी लेक दिसायलीय. तिला पंचमीला काय इहिरीत उतरवू?"

राजनंदिनीनं विटांच्या ढिगाकडं बघितलं. पण तिनं मुरमाचे टिप्पर काही येऊ दिले नाहीत आणि दोनच फोन केले. त्यातला एक टिप्परवाल्याला होता, दुसरा संभाजीनगरला.

दिपाली म्हणून एक बाई आठवड्याभरानं आल्या. पुरातत्त्व खात्यातल्या. डोक्याला टोपी, पायात जाड बूट, खांद्याला झोळी. लोकांना वाटलं, मोठी साहेबीण येईल, खुर्ची लागेल, चहा लागेल. त्या आल्या आणि सरळ गुडघ्यांवर बसून ब्रशनं देवीच्या कानातली माती काढायला लागल्या. मापं घेतली, फोटो काढले, पायऱ्यांच्या सांध्यांत नख घालून बघितलं.

"चुना नाही की काही नाही, दगडावर दगड नुसते बसवलेत," त्या राजनंदिनीला म्हणाल्या. "यादवकाळातली असावी. नक्की आत्ताच सांगत नाही, पण लई जुनी आहे हे खरं." लई हा शब्द त्यांनी इकडचा उचलला होता, त्यामुळं जमलेले लोक खूश झाले.

मग त्या रतनबाईजवळ आल्या आणि तिच्याशेजारी विटांवरच बसल्या.

"मावशी, जागा तुमच्या नावावर आहे ना? मग तुम्हाला सांगायला हवं. ही बारव सरकारच्या संरक्षित यादीत नाही. मी अहवाल पाठवीन, पण त्याला वेळ लागतो. आज तुम्ही नको म्हणालात तर मी इथं एक दगडही हलवू शकत नाही. मला थोडं साफ करून बघू द्याल का?"

रतनबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. आजवर विचारायचं काम तिचं होतं. मालक, हितं मेंढरं बसवू का? मालक, हापशाचं पाणी पाजू का? मालक, एक रात काढू का? आणि ही शिकलेली बाई तिला मालक धरून विचारत होती.

"बगा थोडं," ती म्हणाली. "पण माझ्या इटांना हात लावू नका."

दुसऱ्या खेपेला दिपालीबाई आल्या तेव्हा त्यांना बारवेच्या तोंडाशी, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, एक लांबलचक दगडी डोण सापडली. जनावरांना पाणी पाजायची. एका अखंड दगडातून कोरलेली, एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला ठेंगणी. रतनबाई त्या दिवशी कळप घेऊन शेजारच्या वेचलेल्या कापसात होती. दिपालीबाईंनी तिला हाक मारली.

"मावशी, हे बघा. काठावर हात फिरवा."

रतनबाईनं हात फिरवला. दगडाचा काठ सरळ नव्हता. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झाला होता, आणि त्या खळग्यात दगड तुपासारखा गुळगुळीत.

"जनावरांच्या माना घासून घासून दगड असा झिजतो," दिपालीबाई म्हणाल्या. "किती वर्षं पाणी पिलं असेल इथं त्यांनी."

"ही उंच बाजू बैलांची," रतनबाई म्हणाली. मग ठेंगण्या टोकाला बसली. तिथले खळगे लहान होते, जवळजवळ होते. तिनं एका खळग्यात आपलं मनगट ठेवलं. "आन ही मेंढरांची."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

रतनबाई एकेक खळगा चाचपत पुढं सरकली. किती विहिरींवरून तिला हाकललं होतं! मेंढरं पाणी नासवतात म्हणून, लेंड्या पडतात म्हणून, आणि काही ठिकाणी नुसतं उगाच. उन्हाळ्यात जिभा बाहेर काढलेली कोकरं काखेत घेऊन ती या रस्त्यानं गेली होती, याच रानाच्या कडेनं, आणि खाली हे होतं. कुणीतरी छिन्नी घेऊन बसलं होतं, बैलांची बाजू झाल्यावरही उठलं नव्हतं, मेंढरांच्या मानेचं माप धरून दगड घडवत राहिलं होतं.

ती एकदम हसायला लागली.

आप्पाराव धावत आला. "काय झालं? का हसायलीस?"

"आवं, कुणीतरी येडा हुता बगा! मेंढरासाठी इतकं केलं त्यानं! आमच्यासाठी!" तिनं त्याचा हात धरून त्या खळग्यात ठेवला. आप्पारावनं हात तसाच ठेवला आणि त्याच्या रापलेल्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरलं, जसं नवं कोकरू उभं राहिल्यावर पसरायचं.

"बुजवायची न्हाई," रतनबाई दिपालीबाईंना म्हणाली. "माझा शब्द."

आणि मग पदर खोचून ती राजनंदिनीकडं वळली. "पण ताई, घर मी सोडलेलं न्हाई. माझं घर रस्त्यावरून दिसलं पायजे आन बारवंच्या शेजारी पायजे. कसं करायचं ते तुमी शिकल्यात."

राजनंदिनीनं गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. तशी ती आठवडाभर त्याच विचारात होती. प्रत्येक लेआउटला बगिच्यासाठी ओपन स्पेस सोडावी लागते. ती नानांच्या सांगण्यावरून तिनं मागं, नाल्याच्या कडेला दाखवली होती. ती जागा इकडं आणायची. सतरा नंबर आणि शेजारचे दोन मोकळे प्लॉट मिळून ओपन स्पेस, मधे बारव. मागच्या बगिच्याच्या जागेत तेवढेच प्लॉट निघतील, आणि इकडं बारवेच्या पलीकडच्या बाजूला, रस्त्याला लागूनच, नानांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला प्लॉट रतनबाईला द्यायचा. बांधकाम बारवेपासून पुरेसं लांब राहील. नगररचना कार्यालयातून सुधारित आराखडा मंजूर करून आणायचा. सगळं जमत होतं. फक्त आत यायचा रस्ता थोडा वाकवावा लागणार होता.

"आन कमान?" नाना गुरगुरले.

"कमान पायऱ्यांवरच उभी आहे, नाना. ती काढावी लागेल."

"प्लॉट घे. माझा राखीव घे. पण कमान हलणार न्हाई. माझ्या बापाचं नाव हाय तिच्यावर."

तिथं सगळं अडलं. नानांनी राजनंदिनीशी बोलणं सोडलं. जेवायला बसले तरी भाजी बायकोकडं मागायचे, लेकीकडं नाही. पण सतरा नंबरची मालकीण रतनबाई होती, आणि आपल्या जागेतला गाळ काढायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. दिपालीबाईंनी एकच अट घातली. मशीन नको, सगळं हातानं, आणि त्यांचा माणूस समोर असल्याशिवाय नाही.

मग रविवारी रविवारी गाव यायला लागलं. बचत गटाच्या बाया आल्या, शाळेतले मास्तर आले, बीडहून राजनंदिनी आली, भागवत मशीन घरी ठेवून फावडं घेऊन आला आणि पहिल्याच दिवशी हाताला फोड आल्यावर सगळ्यांना दाखवत हिंडला. टोपल्यांची रांग लागली. खालून वर गाळ, वरून खाली टोमणे. आप्पाराव रांगेच्या मधे उभा राहायचा आणि प्रत्येक टोपलीसरशी काहीतरी विनोद करायचा. इतकी माणसं एका वेळी त्याचं ऐकतायत, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. उलट्या दिशेनं बारव दर रविवारी थोडी वाढायची. आणखी एक पायरी, आणखी एक कोनाडा, एका दगडावर हत्तींची ओळ. तळ काही लागत नव्हता. गाळ मात्र ओला व्हायला लागला होता.

एका रविवारी नानांच्या बायको मुक्ताबाई गुळाच्या चहाची किटली घेऊन आल्या. मागोमाग नानाही आले. चहासाठी नव्हे. कुणी कमानीखाली खणत नाही ना, ते बघायला. पांढरे कपडे, पांढरे बूट. ते थेट काठावर आले, एका पायरीवर उतरले, आणखी एक उतरले, आणि वाकून कमानीच्या पायाकडं बोट दाखवत म्हणाले, "हे बघा, हितून पुढं जर कुणी..."

त्यापुढं काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. पायरी ओली होती. नाना बसले, बसल्या बसल्या घसरले, पाच-सहा पायऱ्या टप टप टप घेतल्या आणि बारवेच्या मधोमध चिखलात कमरेपर्यंत उभे राहिले.

टोपल्यांची रांग जिथल्या तिथं थांबली. मग मुक्ताबाईंनी किटली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला, आणि पदरातून हसू फुटलं. ते ऐकून भागवत हसला. भागवतला बघून सगळी बारव हसायला लागली, आणि त्या दगडी भिंतींत ते हसू असं घुमलं की झाडावरचे पोपट उडाले.

"हसू नका! काठी द्या कुणीतरी!" नाना ओरडले. लागलं कुठंच नव्हतं, चिखल लोण्यासारखा मऊ होता. पण पाय निघत नव्हते.

आप्पारावनं आपली काठी पुढं केली. रतनबाईनं त्याचा हात धरला.

"थांबा वो. नाना, एक इचारायचं हाय."

"आदी वर काढा, मंग इचारा!"

"वर आल्यावर तुमी मिटिंग घेता. हितंच बोलू. माझं घर पलीकडच्या प्लॉटात. राखीवच्या. हाय का कबूल?"

"ते तर मी आदीच दिलंय की बाई!"

"चारचौघांत न्हवतं दिलं. ऐकलं का रं समद्यांनी?"

"ऐकलं!" सगळे ओरडले.

"आन कमान?"

नानांनी वर कमानीकडं बघितलं. तोंड लाल झालं. आता हे चिडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण नाना खाली बघायला लागले होते. त्यांनी एक पाय हलवला, मग दुसरा हलवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच आलं.

"थांबा," ते हळूच म्हणाले. "पायाला गार लागायलंय."

"वर या मंग, नाना."

"अरे थांब म्हणतो ना! पाणी हाय! धार हाय खाली! बुटात शिरायलंय माझ्या!" त्यांनी बाह्या सरसावल्या, वाकले आणि दोन्ही हातांनी चिखल उपसायला लागले. दिपालीबाईंचा माणूस "हळू, हळू, साहेब" करत खाली धावला. भागवत उतरला, आप्पाराव उतरला, रतनबाई लुगडं खोचून उतरली. नाना थोडे बाजूला सरकले तशी त्यांच्या गुडघ्याशी दगडाच्या फटीतून करंगळीएवढी धार वर आली. आधी गढूळ, मग पांढरट, मग निव्वळ पाणी. नानांनी ओंजळ धरली आणि प्यायला लागले.

"पिऊ नका, तपासायचंय!" वरून राजनंदिनी ओरडली.

नाना पिऊन मोकळे झाले होते. मिशीला चिखल, डोक्याला चिखल. वर लेकीकडं बघून म्हणाले, "नंदे, तुझ्या आज्यानं मला इहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला भोपळा बांधून ढकलून द्यायचा आन वरून हसायचा. सिमेंटाची त्याला चिडच हुती. पाण्याचा मातर लई नाद." त्यांनी पुन्हा एकदा ओंजळ भरली आणि डोक्यावर ओतून घेतली. "काढा ती कमान."

बारवेत असा गलका उठला की रस्त्यावरचा राखेचा ट्रक थांबला आणि ड्रायव्हर काय झालं ते बघायला उतरला. राजनंदिनी चांगल्या सँडलसकट चिखलात आली आणि बापाच्या गळ्यात पडली. आप्पारावनं काठी पुढं केली, तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आत्ताच कशाला काढताव?"

सुधारित आराखडा गुढीपाडव्याच्या सुमाराला मंजूर होऊन आला. एक प्लॉटधारक मास्तर आपल्या प्लॉटासमोरचा रस्ता वाकला म्हणून रुसले होते, पण संध्याकाळी बारवेच्या काठावर बसायची गोडी लागल्यावर तेही निवळले. कमान उतरवली. सिंह फोडायला मात्र नानांचं मन झालं नाही, ते त्यांनी आपल्या गोठ्याच्या दोन्ही बाजूंना नेऊन बसवले. म्हशी पहिले दोन दिवस आत जाईनात. मग नानांनी बारवेला आतून टाइल्स बसवायचं आणि देवीला ऑइलपेंट द्यायचं मनावर घेतलं, तेव्हा दिपालीबाईंनी संभाजीनगरहून येऊन अक्षरशः हात जोडले. बरीच घासाघीस होऊन नानांची बोळवण एका दगडी पाटीवर झाली, तीही बारवेपासून लांब, रस्त्याकडेला. तिच्यावर वडिलांचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, की दगडांवर आपली नावं कोरू नयेत.

रतनबाईचं घर दोन खोल्यांचं झालं. राखेच्या विटांचं, वर पत्रे, गिलावा अजून बाकी. आप्पाराव पहिल्या दिवशी आत झोपला आणि झोप चांगली लागली हे सकाळी कबूल करावं लागू नये म्हणून मेंढरं घेऊन लवकर निघून गेला. डोणीत पाणी सोडायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. आता या रस्त्यानं जाणारे मेंढरंवाले तिथं थांबतात. त्यांच्या बायका डोक्यावरचं गाठोडं उतरवून रतनबाईच्या ओट्यावर टेकतात आणि ती त्यांना, कुणी विचारो न विचारो, घर आतून दाखवते.

श्रावण लागला आणि पंचमीला संगीता आली, लेकराला कडेवर घेऊन. एसटीतून उतरल्या उतरल्या तिला निळा पत्रा दिसला आणि तिथूनच तिनं "आई!" अशी हाक मारली, की बारवेवरच्या साऱ्या बायका वळून बघायला लागल्या. रतनबाई पिठाच्या हातानं धावली. लेकीच्या गालाला पीठ लागलं, नातवाच्या टोपीला लागलं.

दुपारी रामहरी नगरच्या आणि गावातल्या बायका नवी लुगडी नेसून बारवेशेजारच्या मोकळ्या जागेत जमल्या. लिंबाला झोका बांधला होता. पोरी फेर धरून गात होत्या. राजनंदिनी बीडहून आली होती, तिला फुगडी येत नव्हती म्हणून संगीतानं तिला शिकवायला घेतलं होतं आणि दोघी सारख्या पडत होत्या. मुक्ताबाई झोक्याला टेकून बघत होत्या. रतनबाई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले.

"चला वैनी."

"या वयात? गुडघे बगा माझे!"

"माझे तरी कुठं नवे हाईत?"

मुक्ताबाईंनी हात दिले. दोघींनी पाय जोडले, मागं रेलल्या, आधी सावकाश, मग घुमायला लागल्या. लिंब, पत्रा, बारव, झोका, पोरी, सगळं एकात एक मिसळून फिरायला लागलं. मुक्ताबाई "पुरे, पुरे!" म्हणत होत्या आणि हात काही सोडत नव्हत्या. शेवटी दोघी एकदमच गवतात बसल्या. रतनबाईचा अंबाडा सुटला होता, श्वास लागला होता, आणि आकाश अजून थांबायला तयार नव्हतं.

"आनि एक!" ती म्हणाली.